किंग्स्टनमार्गे नेग्रिल

"नेग्रिल?" टॅक्सीवाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं. "आजच?"

"आजच. संध्याकाळी मुलीचं लग्न आहे," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

त्यानं शेजारच्या ड्रायव्हरला हाक मारून ते सांगितलं. दोघं हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"मदर, नेग्रिल बेटाच्या पार त्या टोकाला," तो सावकाश, मला कळेल अशा बेतानं म्हणाला. "तिकडं जाणारे लोक मॉन्टेगो बेच्या विमानतळावर उतरतात. तिथून दीड तास. इथून साडेचार तास, तेसुद्धा रस्ता मोकळा असला तर. तुम्ही किंग्स्टनला कशाला उतरलात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सामानाच्या गाडीला टेकून, चष्मा कपाळावर चढवून, भिंतीवरची बसची पाटी वाचत होते.

"अहो, ऐकलंत का तो काय म्हणतोय?"

"ऐकलं की."

"मग चुकीच्या गावाला उतरलो आपण!"

"चुकीच्या कसल्या? राजधानी आहे ही. मुख्य स्टँड नेहमी जिल्ह्याच्या ठिकाणीच असतं. तालुक्याला कोण उतरतं?"

हे कराडच्या एस.टी. स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कुठलाही प्रवास निघाला की मार्ग हेच काढणार, आणि त्यात कुणी बोट घालायचं नाही, हा घरचा कायदा होता. सुनेच्या बाळंतपणासाठी आम्ही न्यू जर्सीला रणजितकडे गेलो होतो, तिथून जमैकाची तिकिटं काढायची ठरली तेव्हाही ह्यांनी विमानतळ सांगितला आणि रणजितनं काढून टाकली. तान्ह्या बाळापायी त्याची रोज तीन तास झोप व्हायची. ह्यांनी दिल्ली सांगितली असती तर त्यानं दिल्लीची काढली असती.

घड्याळात बारा पन्नास झाले होते. तृप्तीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं, पाच पन्नासला, नेग्रिलच्या वाळूवर. लग्न नोंदवायला येणाऱ्या अधिकाऱ्याला पुढं दुसऱ्या हॉटेलातलं लग्न होतं, त्यामुळं तो सहाला निघणार हे तिनं आम्हाला चार वेळा बजावलं होतं. सहानंतर पोचलो तर लग्न झालेलं असणार. साधं गणित होतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आई, उतरलात?"

"अगं, आम्ही किंग्स्टनला उतरलोय. चुकून. आता गं काय करायचं?"

ती ओरडेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला होता. पलीकडं नुसत्या लाटा ऐकू आल्या.

"बरं," ती म्हणाली. "बाबा बरोबर आहेत ना?"

"इथंच आहेत. कुणाला तरी गाडी घेऊन पाठव ना गं."

"इतक्या लांब आता कोण येणार, आई? तुम्हीच या. ऑफिसर सहाला निघतो. तो थांबणार नाही."

एवढं बोलून झालं आणि फोन मेला. विमानात नातवाचे फोटो बघत बसले होते, त्याचं फळ.

"या ड्रायव्हरलाच सांगू या, सरळ नेग्रिल," मी म्हणाले.

"छे. परक्या मुलुखात खाजगी गाडीत बसायचं नसतं. ह्याला म्हणावं, शहरातल्या बसस्टँडवर सोड. बस कधी फसवत नाही."

एकोणचाळीस वर्षं मी हे ऐकत आले होते. त्याही दिवशी ऐकलं.

बसस्टँड म्हणजे मोठं उघडं मैदान होतं आणि त्यात मिनीबसा उभ्या होत्या. पोरं दारात लोंबकळत गावांची नावं ओरडत होती. आपल्याकडच्या वडापसारखंच, गाडी भरल्याशिवाय चाक हलत नाही. आमच्या गाडीत एकोणीस जागा होत्या आणि माणसं आमच्यासकट सात. हे खिडकीशी ऐसपैस बसले आणि रुमालानं मान पुसू लागले. हे एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी मात्र आठव्या प्रवाशाची वाट असे निवांत बघत होते की मलाच कसंतरी व्हायला लागलं.

"तृप्तीला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कळवते. नंबर द्या."

"कशाला? पोचल्यावर बोलूच की."

"डायरीत आहे ना? द्या इकडं."

"अगं, घाई काय आहे—"

मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डायरी काढून घेतली. खिशातली छोटी डायरी, लाल रेघांची, दरवर्षी तसलीच. नंबर शेवटच्या पानावर असतात. शेवटच्या पानाआधीच्या पानावर महिन्यापूर्वीची, डिसेंबरची तारीख होती आणि ह्यांच्या वळणदार अक्षरात स्टँडवरच्या फळ्यासारखं वेळापत्रक मांडलेलं होतं.

मॉन्टेगो बे ते नेग्रिल, ८० कि.मी., दीड तास.

किंग्स्टन ते नेग्रिल, २४० कि.मी., साडेचार तास.

आणि त्याखाली: विमान १२.०५. बाहेर १२.५०. बस २.००. नेग्रिल ६.३०.

साडेसहाच्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

मी ते पान तीनदा वाचलं. मग डायरी त्यांच्या मांडीवर उघडी ठेवली.

"तुम्ही चुकला नाहीत."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुम्हाला महिनाभर आधी माहीत होतं."

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! इथं मराठी कुणाला कळतंय? मी पाहिजे तेवढं मोठ्यांदा बोलणार. का केलंत हे?"

डायरी मिटून त्यांनी ती हातातच धरली.

"नाही म्हणालो असतो तर तिनं जन्मात तोंड बघितलं नसतं माझं. आणि होय म्हणवत नव्हतं. मग करायचं काय माणसानं?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "स्टँडवर एक गोष्ट शिकलोय. गाडी द्यायची नसली तर रद्द कधी म्हणायचं नाही. रद्द म्हटलं की माणसं केबिनवर चालून येतात. लेट आहे म्हणायचं. तासाभरानं आपापली निघून जातात. भांडण नाही, तंटा नाही."

"ती प्रवासी नाही. लेक आहे तुमची."

"पोचलो असतोच की आपण. जेवणाला."

"जेवणाला!" मी ओरडले. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली.

माझंही सांगायला हवं. तृप्ती टोरोंटोत नर्स, डेव्हन तिथंच पाणीपुरवठ्यात इंजिनियर, जमैकाचा. तिनं आठ महिन्यांपूर्वी सांगितलं तेव्हा रंग, जात, देश, सगळं ह्यांच्या घशात अडकलं. माझ्याही अडकलं होतं. कराडात काय सांगायचं, हा प्रश्न मलाही पडला होता आणि दोन रात्री मी रडलेही होते. पण मी पाणी पिऊन गिळलं. ह्यांनी गिळलंय असं दाखवलं, म्हणून मला राग होता. समोरासमोर भांडले असते तर मी पदर खोचून मध्ये उभी राहिले असते.

मी उठले, वरची पिशवी ओढली आणि बसमधून उतरले. आम्हाला आणणारा टॅक्सीवाला अजून तिथंच होता, गाडीला टेकून काहीतरी खात होता. एव्हर्टन त्याचं नाव. मी त्याच्यापुढं मनगटावरचं घड्याळ धरलं.

"नेग्रिल. पावणेसहा. जमेल?"

त्यानं आधी घड्याळ बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "देवाची मर्जी असली तर, मदर," तो म्हणाला आणि दार उघडलं.

तुम्ही येताय का, असं मी ह्यांना विचारलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांना न विचारता गाडीत बसायची माझी ती पहिलीच वेळ. एव्हर्टननं गाडी सुरू केली तेव्हा हे सामान घेऊन आले आणि न बोलता पुढच्या सीटवर बसले. एक पस्तीस झाले होते.

त्या रस्त्याचं मला फारसं काही आठवत नाही. आधी ऊस लागला, अगदी आपल्याकडच्यासारखा, मग लाल मातीचे डोंगर, वळणावर संत्री विकणाऱ्या बाया. समुद्र कुठं दिसत नव्हता. लोक त्या बेटावर समुद्र बघायला जातात आणि मी चार तास मनगट बघत होते. एव्हर्टन वळणावर ट्रक मागं टाकायचा तेव्हा एरवी मी रामनाम घेतलं असतं, त्या दिवशी मनात म्हणत होते, टाक, आणखी एक टाक. ह्यांच्या मानेचा मागचा भाग तेवढा मला दिसत होता. त्याच्याशीही मी बोलले नाही.

डोंगर उतरून सपाटीला लागलो आणि पुढं गाड्यांची रांग दिसली. एव्हर्टन उतरून पुढं जाऊन आला.

"गावच्या लोकांनी रस्ता अडवलाय. तीन आठवडे नळाला पाणी नाही. झाड टाकलंय आडवं."

"किती वेळ?"

"पोलीस येतील, बोलणी होतील. कधी तास लागतो, कधी चार." त्यानं दोन्ही हात वर केले. "दुसरा रस्ता नाही, मदर."

तीन चाळीस. इथंच घोडं पेंड खाणार होतं. ह्यांच्या डायरीतले साडेसहा आता फुकटात मिळणार होते, त्यांना काही करावंच लागणार नव्हतं. मी दार उघडलं.

"कुठं निघालीस?" हे म्हणाले. बसस्टँडनंतरचे ते पहिले शब्द.

"लग्नाला."

"ऐंशी किलोमीटर राहिलंय अजून! गुडघे बघ तुझे!"

मी पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागले.

रस्त्यावर आंब्याचं भलंमोठं झाड आडवं पडलं होतं, त्याच्यापुढं जुने टायर आणि एक मोडका फ्रीज. बायाच जास्त होत्या, रिकाम्या बादल्या वाजवत होत्या. माझ्याच वयाची एक उंच बाई समोर आली आणि हात आडवा धरून म्हणाली, आज कुणालाही सोडणार नाही.

"डॉटर," मी म्हणाले. "मॅरेज. टुडे." आणि पुढचं इंग्रजी काही केल्या आठवेना, तेव्हा मराठीतच म्हणाले, "बाई, माझी एकुलती एक लेक आहे गं."

तिनं माझ्याकडे बघितलं, पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या जरीच्या काठाकडे बघितलं. मग तिनं बादली खाली ठेवली, माझ्या काखेत हात घातला आणि मला त्या खोडावरून पलीकडं उतरवलं. माझी सलवार गुडघ्यापर्यंत चिखलात भरली.

पलीकडंही तशीच रांग होती, पण सगळ्या गाड्यांची तोंडं आमच्याकडे. मी एका ड्रायव्हरला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला हात जोडले. सगळ्यांच्या गाडीत किंग्स्टनचे प्रवासी बसलेले, त्यांना मधेच टाकून मागं कोण फिरणार? चौथ्यानं काच वर केली. मी रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसले. पाच पन्नासला तृप्ती पाटावर उभी राहील आणि तिच्या मागं कुणी नसेल, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

"किंग्स्टन! किंग्स्टन! किंग्स्टनवाले इकडं या, चला!"

मी दचकून वर बघितलं. तो आवाज कराडच्या स्टँडवर चार फलाट पलीकडं पोचायचा. हे त्या झाडाच्या खोडावर उभे होते, दोन्ही हातांत बॅगा, चष्मा वाकडा. मागं एव्हर्टन.

"काय बघतेस?" ते खाली उतरत ओरडले. "सोपं आहे! कोयनेला पूर आला, पूल बंद पडला की काय करायचो आम्ही? त्यांचे प्रवासी ह्या गाडीत, ह्याचे त्या गाडीत, आणि दोन्ही गाड्या जागेवरून माघारी!"

बादलीवाल्या बायांना त्यांनी इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. रांगेतल्या दुसऱ्या गाडीत एक म्हातारं जोडपं होतं, त्यांचं किंग्स्टनहून आठचं विमान. ह्यांनी त्यांच्या बॅगा स्वतः उचलून पलीकडं नेल्या, म्हाताऱ्याला हात देऊन झाड ओलांडून दिलं, एव्हर्टनच्या गाडीत बसवलं आणि दार लावून वर गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. बाया हसायला लागल्या होत्या. चार वाजता आम्ही त्या दुसऱ्या गाडीत बसलो आणि ड्रायव्हरनं गाडी उलटी फिरवली. मी एव्हर्टनला हात करायलासुद्धा विसरले.

ह्या वेळी हे माझ्या शेजारी मागं बसले. दर दहा मिनिटांनी ड्रायव्हरला विचारत होते, किती राहिलं, पुढं वळणं किती, पेट्रोल आहे ना.

"आता का?" मी विचारलं.

त्यांनी नखानं गुडघ्यावरचा चिखल खरवडला.

"तू त्या झाडावरून पलीकडं गेलीस," ते म्हणाले. "एकदाही वळून बघितलं नाहीस."

"मग?"

"भ्यालो."

मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नाही. मी फक्त विचारलं, "किती वाजले?"

पाच त्रेपन्नला आम्ही हॉटेलच्या मागच्या बाजूनं वाळूवर उतरलो. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. तीस-चाळीस खुर्च्या, सगळी माणसं उभी. डेव्हन पांढऱ्या कुर्त्यात होता, कुर्ता त्याला हातभर आखूड झाला होता. पिवळ्या झग्यातली त्याची आई आणि काखेत फाइल घेतलेला अधिकारी दोघंही आमच्याकडेच बघत होते. तृप्ती हिरव्या साडीत वाळूतून पळत आली. माझ्या गळ्यात पडेल असं वाटलं, पण ती ह्यांच्यासमोर येऊन थांबली.

"सहाला सात कमी, बाबा."

ह्यांनी हातातले बूट खाली टाकले. "तृप्ती, मी चुकून किंग्स्टनला उतरलो नाही. मी मुद्दाम—"

"माहितेय मला."

"काय?"

"दादानं तिकीट पाठवलं त्याच दिवशी कळलं. एकतीस वर्षं नियंत्रक असलेला माणूस, आणि स्टँड चुकेल?"

"मग बोलली का नाहीस?" मी मध्येच म्हणाले. "तिकीट बदलता आलं असतं! गाडी पाठवता आली असती!"

"आली असती, आई. पण मग बाबांना मी आणलं असं झालं असतं." तिचे डोळे भरले होते, पण नजर ह्यांच्यावरून हलली नव्हती. "मला त्यांनी यायला हवं होतं."

हे खाली वाळूकडे बघत उभे राहिले. तीही बघत राहिली. आणि माझं डोकं जे सणकलं म्हणता!

"वा! बाप तसा, लेक तशी! तो तिकडं वेळापत्रक मांडून बसला, तू इकडं त्याची परीक्षा घेत बसलीस. आणि मी? मला कुणी विचारलं? झाडावरून उड्या मी मारायच्या, परक्या माणसांपुढं हात मी जोडायचे! लाज वाटू दे दोघांना!"

दोघांनी अगदी एकसारख्या माना खाली घातल्या. मराठीतलं अक्षरही न कळणारी डेव्हनची आई पुढं आली, माझ्या खांद्यावरची पिशवी तिनं काढून घेतली आणि स्वतःच्या हातातला फुलांचा गुच्छ माझ्या हातात दिला. अधिकारी खाकरला.

आम्ही पुढं गेलो. साडी नेसायला वेळ नव्हता, मी त्या चिखलाच्या सलवारीतच उभी राहिले. अधिकाऱ्यानं काहीतरी वाचलं आणि मग वर बघून विचारलं, ह्या मुलीचा हात कोण देतंय?

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी हात पुढं केला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. मग ते माझ्याकडे वळले.

"तू दे," ते म्हणाले. "तू आणलंस."

मी तृप्तीचा हात धरला आणि डेव्हनच्या हातात ठेवला. त्याचा तळवा घामानं ओला झाला होता, पोरगा बिचारा आमच्याइतकाच घाबरला असावा. आमच्या घरात सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, हात ह्यांचा चालतो आणि मी नुसता हाताला हात लावते. त्या दिवशी मी तो हात तसाच धरून उभी असताना माझ्या कोपराला काहीतरी लागलं. बघितलं तर ह्यांची बोटं होती, वाळूनं आणि चिखलानं भरलेली.

"मम," हे म्हणाले.